मॅडम सहमत आहेत

आमच्या घरात सध्या एकच पार्षद आहे आणि तो मी नाही. त्याआधी पाच वर्षं, निदान निवडणुकीच्या निकालापुरती तरी, मी होते. पार्षद म्हणजे आपला नगरसेवक. इकडं दिल्लीच्या आसपास पार्षद म्हणतात, आणि बाई निवडून आली की तिच्या नवऱ्याला पार्षदपती म्हणतात. हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही, पण घरांच्या पाट्यांवर आहे, लग्नपत्रिकांत आहे, गाड्यांच्या मागच्या काचांवर आहे. आमच्या गाडीच्या काचेवरही होता. नुसतं ‘पार्षद’ असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण गाडी मी चालवत नाही.

शहराचं नाव सांगत नाही. यमुना ओलांडली की उड्डाणपुलांखाली एकमेकांना चिकटून बसलेली जी शहरं आहेत, त्यातलंच एक समजा. माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत गेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. चपला घालता घालता भाषा बदलायची. लग्न होऊन इकडं आले आणि एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. वर्गात पंखे खडखडत, बाहेर ट्रक हॉर्न वाजवत, तरी जायचा. पोरं म्हणायची, मॅडमना माइक लागत नाही. पुढं मला माइक मिळाला आणि त्याच माइकनं माझा आवाज घालवला.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. नवऱ्याला नावानं हाक मारायची सवय मला कधी लागली नाही, आणि आता लावून घ्यायची इच्छाही उरलेली नाही. हे कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याचा टँकर असो, जळलेला ट्रान्सफॉर्मर असो, कुणाच्या पोराचा दाखला असो, भाईसाहब पुढं. माणूस वाईट नव्हता, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. पार्षद व्हायचं ह्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं, आणि नेमका त्याच वेळी आमचा वार्ड महिलांसाठी राखीव झाला. ह्यांचं तोंड उतरलं. जेवणात लक्ष नाही, फोन उचलायचे नाहीत. मग एका सकाळी चहा पिताना ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं प्रवासाला निघायची वेळ आली की माळ्यावरच्या जुन्या सुटकेसकडं माणूस पाहतो.

“अगं, तू उभी राहा ना,” हे म्हणाले. “बाकी सगळं मी बघतो.”

बाकी सगळं म्हणजे काय ते मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माझ्या गळ्यात माळ पडली. पोस्टरवर माझा फोटो डोक्यावर पदर घेतलेला, कोपऱ्यात. मधोमध हे, हात जोडून. मी उभ्या जन्मात डोक्यावर पदर घेतला नव्हता. फोटोवाल्यानं सांगितलं की इथं असाच चालतो.

प्रचाराला मागच्या गल्लीत गेलो तेव्हा अम्मा भेटल्या. आमच्या कॉलनीच्या मागं जुन्या गावाची दाट वस्ती आहे, तिथं त्या एकट्या राहायच्या. अख्खी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची, म्हणून आम्हीही. त्यांना बीपीचा त्रास होता. एकदा अंगणातच पडल्या होत्या, तेव्हापासून काठी घेऊन चालायच्या. पार्कच्या कोपऱ्यात पालिकेच्या दवाखान्याच्या दोन खोल्या होत्या. लोक त्याला डिस्पेन्सरी म्हणत. दाराला बहुतेक दिवस कुलूपच असायचं आणि डॉक्टर फक्त पाटीवर असायची. दुसरा सरकारी दवाखाना म्हणजे हायवेच्या पलीकडचं मोठं हॉस्पिटल. तो हायवे ओलांडणं धडधाकट माणसाच्याही जिवावर यायचं.

अम्मांनी ह्यांच्याकडं पाहिलंच नाही. माझा हात धरला आणि विचारलं, “बेटा, डॉक्टरनी बैठेगी क्या?”

“बैठेगी, अम्मा,” मी म्हणाले.

हे हसले. मला मराठीत म्हणाले, “बोल बोल, बिनधास्त बोल. निवडणूक आहे.”

मी निवडून आले. म्हणजे आम्ही निवडून आलो. हार ह्यांच्या गळ्यात पडले, ते ह्यांनी काढून माझ्या गळ्यात घातले आणि फोटो निघाला.

आता एक गोष्ट अशी होती की जिचा ह्यांनी विचार केला नव्हता, आणि मीही नव्हता. पालिकेचा जो मोठा हॉल आहे, जिथं सभा भरते, तिथं सदस्यांखेरीज कुणाला आत सोडत नाहीत. दारात शिपाई. नवरे बाहेर. आवारात एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली चहाची टपरी, आणि तिथं पार्षदपतींची दुसरी सभा भरायची. पांढरे कुर्ते, काळे चष्मे, दोन दोन फोन. आत मागच्या रांगेत आम्ही बायका. सभा चालू असताना शिपाई चिठ्ठ्या घेऊन यायचा. सगळ्या चिठ्ठ्या टपरीवरून आलेल्या. कुणाच्या चिठ्ठीत लिहिलेलं असे, नालीचा मुद्दा काढ. कुणाच्या, गप्प बस. माझ्या शेजारी एक तरुण पार्षद बसायची. तिच्या नवऱ्याच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त यायच्या. ती त्यांची घडी घालून त्यात बडीशेप ठेवायची आणि मला द्यायची. आम्ही दोघी बडीशेप खात खात सदनाचं कामकाज बघायचो.

मला आलेल्या चिठ्ठ्या मी न वाचता पर्समध्ये टाकायचे. घरी गेल्यावर हे विचारत, “चिठ्ठी मिळाली नाही का?” मी म्हणे, “शिपाई विसरला असेल.” बिचारा शिपाई.

डिस्पेन्सरीचा विषय मी पहिल्यांदा काढला तेव्हा अध्यक्षांनी “देखेंगे” म्हटलं. दुसऱ्यांदाही “देखेंगे”च. तिसऱ्यांदा मी उभीच राहिले. माइक बंद पडला होता, तर मला कुठं माइक लागत होता! शाळेतल्या आवाजात म्हटलं, “अध्यक्ष जी, आप देखते रहिए, मैं तब तक खड़ी हूँ.” अख्खा हॉल हसला, पण हसण्यात कुचेष्टा नव्हती. अधिकाऱ्यांची कुजबुज झाली. महिन्याभरात डिस्पेन्सरीचं कुलूप उघडलं, एक लेडी डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस बसायला लागली आणि नर्स रोज. भिंतीला चुना लागला. अम्मा काठी टेकत जायच्या, येताना आमच्या फाटकाशी थांबायच्या, गोळ्यांची पट्टी वर धरून मला दाखवायच्या आणि काही न बोलता पुढं जायच्या. त्या पट्टीकडं बघून मला जो आनंद व्हायचा, तसा मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे मी आता सरळ सांगून टाकते.

ह्यांना तो आनंद झाला नाही. “बाहेर लोक माझं अभिनंदन करतात आणि मला पत्ताच नाही कशाबद्दल,” हे म्हणाले. “पुढच्या वेळी आधी बोलत जा, यार. कसं दिसतं ते?”

नंतर ती साथ आली. पहिल्या टाळेबंदीत सभा बंदच होत्या. मग पालिकेनं ठरवलं की सभा ऑनलाइन घ्यायच्या. सगळ्यांनी कौतुक केलं. घरबसल्या कारभार, वेळेची बचत, पेट्रोलची बचत. मीही मान डोलावली. शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी तेव्हा लॅपटॉपवर वर्ग घेत होत्या, म्हटलं आपणही शिकू. एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही की हॉलला एक दार होतं आणि दारात शिपाई होता. आमच्या जेवणाच्या टेबलाला दार नव्हतं.

सभेची लिंक आली ती ह्यांच्या फोनवर. पालिकेत सगळ्या बायकांच्या नावापुढं नंबर नवऱ्यांचेच होते. व्हॉट्सॲपवरचा महिला पार्षदांचा जो ग्रुप होता, त्यात महिला म्हणून एक डीपीवरची दुर्गादेवी तेवढी होती. पहिल्या सभेला लॅपटॉप उघडला आणि स्क्रीनवर चौकोन उमटायला लागले. चौकोनाखाली नावं बायकांची नव्हती. अमकीचे पती, तमकीचे पती. एका चौकोनात नुसता छताचा पंखा फिरत होता. एका चौकोनात तर नवराच मांडी घालून पुढं बसला होता आणि मागून पदर डोळ्यांपर्यंत ओढलेली पार्षद त्याला चहा आणून देत होती. ही बाई वार्डातून चांगल्या मतांनी निवडून आलेली होती.

हजेरी घेणारा बाबू अडचणीत आला. नियमाप्रमाणे सदस्य हजर पाहिजे. त्यानं तोड काढली. एकेका चौकोनाला म्हणायचा, “भाईसाहब, एक बार मैडम के दर्शन करवा दीजिए.” मग नवरा हाक मारायचा, आतून बाई हात पुसत यायची, कॅमेऱ्यापुढं नमस्कार करायची, बाबू “उपस्थित” म्हणायचा आणि बाई स्वयंपाकघरात परत. माझी बडीशेपवाली शेजारीण अशीच आली आणि गेली. मी तिला हात केला. तिला माझा चौकोन दिसला नसावा, कारण फोन तिच्या हातात नव्हता.

आमच्याकडं जरा सभ्य पद्धत होती. शेवटी आम्ही शिकलेली माणसं. कॅमेऱ्यासमोर मीच बसायचे, नीट साडी नेसून. हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, कॅमेऱ्याबाहेर, हातात फोन घेऊन. आणि मराठीत बोलायचे. “आता हात जोड.” “आता हस थोडं.” “हा आपल्या बाजूचा आहे, ह्याला हो म्हण.” “नको, हे नको बोलू.” बाकी कुणाला मराठी कळत नव्हती, त्यामुळं हळू बोलायचीही गरज नव्हती. ज्या भाषेत आई मला निजवायची, ज्या भाषेत मी लेकीला वाढवलं, ती भाषा आमच्या घरात आता हुकूम द्यायची भाषा झाली. हॉलमध्ये मी परक्या भाषेत बोलायचे आणि मोकळी असायचे.

मग ती दुसरी लाट आली. ॲम्ब्युलन्सचा आवाज थांबला की जास्त भीती वाटायची. आमच्या समोरच्या घरातले दोघं गेले. फोनवर सगळे एकच मागायचे, सिलिंडर आहे का, बेड आहे का. हायवेपलीकडच्या हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर माणसं रिक्षात बसून श्वास मोजत होती. मागच्या गल्लीतल्या बायका ताप आला, मूल आजारी पडलं, की डिस्पेन्सरीच्या दारात यायच्या, कारण तिथं निदान दार उघडं असायचं. डॉक्टर प्लॅस्टिकच्या पडद्याआड बसून सगळ्यांना बघायची. अम्मांच्या गोळ्या तिथूनच जायच्या.

अशात सभेसाठी प्रस्ताव आला. आमच्या वार्डातल्या डिस्पेन्सरीच्या खोल्या ‘तात्पुरत्या’ कोविड सहायता केंद्राला द्यायच्या, केंद्र पार्षद कार्यालयानं चालवायचं, आणि डॉक्टर-नर्सची बदली मोठ्या हॉस्पिटलात करायची, तिथं माणसं कमी पडताहेत म्हणून. ऐकायला सगळं चांगलंच होतं. मला दोन गोष्टी मात्र कळत होत्या. पार्षद कार्यालय म्हणजे हे. आणि पुढच्या निवडणुकीला आमचा वार्ड खुला होणार, अशी कुणकुण टपरीपासून फोनपर्यंत सगळीकडं होती. ह्यांना पार्कच्या कोपऱ्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, दोन खोल्यांचं ऑफिस पाहिजे होतं.

मी ह्यांना म्हटलं, “मी विरोध करणार आहे.”

“लोक ऑक्सिजनवाचून मरताहेत,” हे म्हणाले, “आणि तू बीपीच्या गोळ्या धरून बसलीस?”

“बीपीनंसुद्धा माणसं मरतात. अम्मांनी हायवे ओलांडायचा का?”

“अगं, तात्पुरतं आहे. बिल्कुल तात्पुरतं. तू ना, प्रत्येक गोष्ट पर्सनल घेतेस.”

सभेच्या दिवशी मी पाण्याचा पेला भरून ठेवला, काय बोलायचं ते मनात नीट लावलं. विषय आला. मी माइक उघडला आणि हिंदीत सुरुवात केली, “अध्यक्ष जी, मैं इस प्रस्ताव का विरोध...” तेवढ्यात कुणाच्या तरी घरात कुत्रा भुंकला, कुणाचा कुकर वाजला, आणि बाबूनं गोंधळ नको म्हणून सगळ्यांचे आवाज बंद केले. माझे ओठ हलत राहिले. चौकोनात लाल रेघ मारलेला माइक. मी पुन्हा बटण दाबायला गेले तर ह्यांचा हात टेबलावरून आडवा आला आणि लॅपटॉपवर पडला. “थांब, आवाज जात नाहीये, मी बघतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांचा हात बाजूला ढकलला. त्या झटापटीत कुणाच्या बोटानं बटण दाबलं गेलं देव जाणे, पण माइक उघडला. आणि मी ओरडले. ह्यांच्यावर ओरडले, म्हणून मराठीत ओरडले. शाळेतल्या आवाजात.

“हात काढा तिथून! मी याला हो म्हणणार नाही. मेले तरी म्हणणार नाही!”

सगळे चौकोन गप्प झाले. पंखावाला चौकोन तेवढा फिरत होता. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अध्यक्ष कपाळाला आठी घालून म्हणाले, “मैडम क्या कह रही हैं, भाई? मराठी में बोल दीं.”

मी श्वास घेतला. हिंदीत सांगायला एक श्वास पुरेसा होता. पण तेवढ्या वेळात हे वाकून माझ्या चौकोनात आले, खांद्याशी खांदा लावून, हसतमुख, पोस्टरवर होते तसे.

“अध्यक्ष जी, मैडम भावुक हो गई हैं,” हे म्हणाले. “कह रही हैं कि जनता की सेवा में जान भी देनी पड़े तो देंगे. मैडम सहमत हैं.”

आणि मेजं वाजली. हॉलमध्ये प्रस्ताव मंजूर झाला की मेजं थोपटायची पद्धत होती. तीच आता घराघरांतून आली. कुणी डायनिंग टेबल थोपटलं, कुणी पलंगाची फळी, कुणी स्वतःची मांडी. मी “नहीं, नहीं, मैंने ये नहीं कहा” असं म्हणत होते आणि माझ्या माइकवर पुन्हा लाल रेघ आली होती. अध्यक्ष म्हणाले, “सर्वसम्मति से पारित.” पुढचा विषय फॉगिंग मशिनचा होता.

लॅपटॉप मिटल्यावर हे म्हणाले, “कसं सावरून घेतलं बघ. नाहीतर आज हसंच झालं असतं आपलं.” आणि खरंच, ह्यांच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचाच भाव होता. त्या भावानं मी जास्त जळले. खोटं बोलताना माणूस निदान नजर चुकवतो. हे माझ्या डोळ्यांत बघून, मला धीर देत, पेल्यातलं पाणी पुढं करत होते.

मी अध्यक्षांना फोन केला. हॉलमध्ये हे गृहस्थ मला ‘माननीय सदस्या’ म्हणायचे. फोनवर म्हणाले, “भाभीजी, घर की बात है, घर में सुलझा लीजिए. सदन में तो आपका समर्थन आ गया.” माझ्या बडीशेपवाल्या शेजारणीला फोन केला. तो तिच्या नवऱ्यानं उचलला, मग तिला दिला. सगळं ऐकून ती हळूच हसली आणि म्हणाली, “दीदी, आपके वाले कम से कम आपकी तरफ़ से कुछ अच्छा तो बोलते हैं. हमसे तो यहाँ कोई पूछता भी नहीं.” तिनं मला समजावायलाच हे म्हटलं होतं.

त्यानंतर मी ह्यांच्याशी घरात मराठी बोलणं बंद केलं. ठरवून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी “चहा घेता का” असं विचारायला तोंड उघडलं आणि शब्द बाहेरच आला नाही. “चाय लेंगे?” असं विचारलं. ह्यांना आधी गंमत वाटली. मग राग आला. मग सवय झाली. लेक पुण्याहून फोन करायची तेव्हा बाल्कनीत जाऊन तिच्याशी पोटभर मराठी बोलायचे, तिला म्हणायचे, बाबांना सांगू नकोस. माझ्या मराठीचा कुणी अर्थ लावू नये, एवढीच माझी इच्छा होती.

खोटं कशाला बोलू, केंद्रातून काही सिलिंडर गेले. दोन-तीन घरांत माणसं वाचली असतील. हे रात्रंदिवस फोनवर होते, घसा बसेपर्यंत. ते मी नाकारत नाही. पण लाट ओसरली, फोन वाजायचे थांबले, आणि डॉक्टर परत आली नाही. खोल्यांवर नवी पाटी लागली, ‘जनसेवा कार्यालय’. माझं नाव वर, बारीक अक्षरात. ह्यांचा फोटो खाली, माझ्या अख्ख्या कपाटाएवढा. आत सोफा आला. ज्या भिंतीवर बाळांच्या लसींचा तक्ता होता तिथं ह्यांचे सत्काराचे फोटो. माझ्यासाठीही एक खुर्ची ठेवली होती, कारण कधीमधी मॅडमना बसवावं लागतं.

पुढं सभा पुन्हा हॉलमध्ये भरायला लागल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. पण आत पाऊल टाकलं आणि पाहिलं, तर आमच्या मागच्या रांगेच्याही मागं, भिंतीलगत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची नवी रांग मांडलेली. त्यावर पार्षदपती. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “मैडम, ऑनलाइन में तो सब बैठते ही थे. अब बाहर कैसे निकालें?” कडुनिंबाखालची टपरी ओस पडली होती. आता चिठ्ठ्यांची गरज नव्हती. मागून पाठीवर बोट टेकलं की पुरे.

आणि मग ती सकाळ. निवडणूक तोंडावर आली होती. ह्यांनी मला कार्यालयात खुर्चीवर बसवलं होतं, चार लोक बसले होते, चहा चालला होता. दारात काठी वाजली. अम्मा. केवढ्या वाळल्या होत्या. तोंड जरा एका बाजूला ओढलं होतं, डावा हात अंगाशी धरलेला. मधल्या काळात त्यांना झटका येऊन गेला होता. मोठ्या हॉस्पिटलात त्यांना कुणी नेलं नव्हतं आणि एकट्यानं त्यांना जाता आलं नव्हतं. हे मला गल्लीतून कळलं होतं. मी त्यांच्या घरी गेले होते, गोळ्या घेऊन, पण त्यांनी दार उघडलं नव्हतं.

त्यांनी सोफ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. आवाजात राग नव्हता. “बेटा, तूने कहा था डॉक्टरनी बैठेगी. फिर तूने ही उठवा दी? सब कहते हैं, मैडम ने खुद कहा था मीटिंग में.”

मी उठले. त्यांच्याजवळ गेले, त्यांचा चांगला हात धरला. या बाईला मी शब्द दिला होता, आणि तो मी मोडला नव्हता. हे एवढं तरी तिला कळायला हवं होतं. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल. मी हिंदीत सांगितलं, सावकाश, एक एक शब्द सुटा करून, वर्गातल्या शेवटच्या बाकाला सांगावं तसं.

“अम्मा, मैंने मना किया था. मैंने कभी हाँ नहीं कहा. मेरी तरफ़ से किसी और ने कह दिया.”

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. अम्मांनी माझ्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, हे बसले होते तिकडं. एवढ्या वर्षांत सगळ्या वार्डाला जी सवय लागली होती, ती अम्मांनाही लागली होती. त्यांनी ह्यांना विचारलं, “क्या कह रही है?”

हे खुर्चीतून उठलेही नाहीत. “कह रही हैं, अम्मा, आपके लिए गाड़ी भिजवा देंगे. हॉस्पिटल ले जाएगी, ले आएगी.”

अम्मांनी काठी काखेत धरली, आजारी हात चांगल्या हातानं वर उचलला, आणि मला नमस्कार केला.